स्लाइडवाला ट्रेलर उतारावर: समपातळी, डुगडुग आणि या हंगामातले बदल

हा गाडीमागे ओढून न्यायचा, राहायची सोय असलेला कॅम्पिंग ट्रेलर आहे. स्लाइड म्हणजे मुक्कामी भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग. आधी ट्रेलरची मापे, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावरच आहेत. एकूण लांबी २८ फूट, दोन ॲक्सल, ड्रायव्हरच्या बाजूला सोफा आणि जेवणाचे टेबल असलेली एकच खोल स्लाइड, श्विनटेक नावाच्या मोटारीच्या यंत्रणेची. फ्रीज गॅसवर चालणारा, ॲब्सॉर्प्शन प्रकारचा, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर थंडावा देणारा. डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंत ७२ इंच. टंग जॅकपासून (पुढच्या टोकाला उचलणारा जॅक) दोन ॲक्सलच्या मधल्या बिंदूपर्यंत १७ फूट आणि तिथून मागच्या स्टॅबिलायझरपर्यंत (कोपऱ्यातला आधाराचा जॅक) साडेआठ फूट. तुमच्या ट्रेलरची ही तीन अंतरे टेपने मोजून दाराच्या आत लिहून ठेवा.

या नोंदी अमेरिकेतल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडसारख्या जागा डोळ्यांपुढे ठेवून केल्या आहेत. तिथे साइटवर वीज-पाण्याची जोडणी नाही, म्हणजे स्लाइड आणि टंग जॅक दोन्ही ट्रेलरच्या बॅटरीवर. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून येणाऱ्यांनी रस्ताही बघून ठेवावा: थॉर्नटन गॅपच्या दाराने आलात तर लगेच दक्षिणेला मेरीज रॉकचा बोगदा लागतो, उंचीची मर्यादा १२ फूट ८ इंच. छतावरच्या एसीसकट उंची मोजलेली नसेल तर स्विफ्ट रन गॅपकडून वर या, बोगदा टळतो.

समपातळी चाकांनी, स्थिरता जॅकनी

या हंगामातल्या सगळ्या बदलांमागे एकच सूत्र आहे: ट्रेलरचे वजन चाकांनी आणि टंग जॅकने उचलायचे. चार कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर फक्त डुगडुग थांबवतात. कोपऱ्याचा जॅक फिरवून खाली गेलेली बाजू उचलली की पाणसळीतला बुडबुडा मध्ये येतो खरा, पण चेसिसला (खालच्या पोलादी सांगाड्याला) पीळ बसतो आणि भिंतीतले स्लाइडचे भोक काटकोनी राहत नाही. मग स्लाइड एका कोपऱ्यात घासते आणि रबरी सील दुसऱ्या कोपऱ्यात उघडे पडते. पीळ ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रवेशाचे दार. जॅक लावण्याआधी सहज लागणारे दार नंतर अडकू लागले, तर ज्या कोपऱ्यावर जोर जास्त झाला आहे तो सैल करा.

म्हणून आडवी (डावी-उजवी) पातळी आधी, ओढणारी गाडी जोडलेली असतानाच. ७२ इंचांच्या रुंदीवर १ अंश म्हणजे सव्वा इंच. दोन अंश झुकाव असेल तर खालच्या बाजूची दोन्ही चाके अडीच इंच वर हवीत. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये एकच चाक उचलून भागत नाही: मधला इक्वलायझर (दोन ॲक्सलचे पाटे जोडणारा फिरता दुवा) फिरतो, उंची अर्धीच मिळते आणि त्या चाकावर भार वाढतो.

साडेआठ इंची चौकोनी प्लास्टिकचे ठोकळे वापरत असाल तर एक इंच उंचीला एक थर. तीन इंचांसाठी खाली ३, मग २, वर १ असा उतरता ढीग, म्हणजे प्रत्येक चाकाला ६ आणि दोन चाकांना १२. टायरची पूर्ण रुंदी ठोकळ्यावर टेकली पाहिजे. कडा बाहेर लटकली तर टायरच्या आतल्या पोलादी पट्ट्यांवर असमान ताण येतो. आम्ही आता ठोकळ्यांऐवजी कमानीसारखे वर जाणारे रॅम्प घेतले आहेत. अर्ध्या इंचापासून चार इंचांपर्यंत हवी ती उंची मिळते, गाडी इंच-इंच पुढे घ्यायची, पातळी आली की खालून पाचर सरकवायची. दोन टायरांमधली जागा कमी असेल तर रॅम्पचे उंच टोक पुढच्या टायरला लागते. ते टोक करवतीने आखूड करावे लागते.

मोजायला फोनवर उंची दाखवणारे लेव्हलमेट प्रकारचे ब्लूटूथ यंत्र सोयीचे आहे, पण त्याचे शून्य कुठे धरले यावर सगळे अवलंबून. आम्ही फ्रीजरच्या तळावर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी ट्रेलर नीट केला, मग यंत्राचे शून्य तिथे लावले आणि त्याच स्थितीत बाहेरच्या चिकटवायच्या पाणसळी बसवल्या. कारखान्यातून आलेल्या पाणसळीवर विसंबू नका, फ्रीजशी ताडून बघा.

फ्रीजचा अंश आणि दिशा

ॲब्सॉर्प्शन फ्रीजला साधारण ३ अंश बाजूंना आणि ६ अंश पुढे-मागे चालतात. यात एक गोष्ट नेहमी निसटते: ही दिशा फ्रीजकडे तोंड करून उभे राहिल्यावरची आहे. फ्रीज बाजूच्या भिंतीला लागून आत तोंड करून बसवलेला असेल, तर त्याची बाजू म्हणजे ट्रेलरची लांबी. म्हणजे कडक मर्यादा ट्रेलरचे नाक, म्हणजे पुढचे टोक, वर-खाली होण्याला लागते. आतले अमोनिया-पाण्याचे मिश्रण पंपाने फिरत नाही, उताराने परत वाहते. कल जास्त झाला की ते नळीत साचते, बॉयलर कोरडा तापतो, गंज रोखणाऱ्या रसायनाचे खडे जमून नळी कायमची बुजते. चालत्या गाडीत कल सतत बदलतो म्हणून तिथे हा धोका कमी. उभ्या ट्रेलरमध्ये तास-दोन तासही पुरतात. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज असलेल्यांना हा प्रश्न नाही, पण न्हाणीतले पाणी आणि आपोआप उघडणारी दारे त्यांनाही सोडत नाहीत. आमचे लक्ष्य दोन्ही दिशांना अर्ध्या अंशाच्या आत.

गाडी सोडणे आणि नाकाची उंची

आडवी पातळी जमली की दोन्ही बाजूंच्या टायरांना पुढून आणि मागून घट्ट पाचरी. रॅम्पवरची चाके पाचरीनेच अडलेली असतात, पण दुसऱ्या बाजूच्या जमिनीवरच्या चाकांना पाचर नसेल तर कप्लर (गाडीला जोडणारी कडी) सुटताच ट्रेलर सरकू शकतो. मग टंग जॅक. १७ फुटांवर १ अंश म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच, त्यामुळे इथे बारीक फरक सहज साधतो.

जॅकखालची जमीन मऊ असेल तर हिशेब करून फळी ठेवा. नाकावर ८०० पौंड आणि जॅकचा पाय ६ इंच व्यासाचा असेल तर दाब दर चौरस इंचाला २८ पौंड. १२ इंच चौरस फळीवर तोच भार साडेपाच पौंडांवर येतो. पाऊण इंची प्लायवुड एकेरी वाकते. दोन तुकडे रेषा आडव्या-उभ्या ठेवून जोडले तर भार कडेपर्यंत पसरतो.

स्टॅबिलायझरना आधीच ताण देणे

सगळ्यात जास्त फरक या एका युक्तीने पडला आणि तिला एक पैसाही लागत नाही. नाक समपातळीपेक्षा एक इंच खाली घ्यायचे. त्यामुळे मागची बाजू वर जाते. साडेआठ फूट आणि सतरा फूट हे प्रमाण धरले तर अर्धा इंच. या स्थितीत मागचे दोन्ही जॅक जमिनीला टेकवून हाताने अर्धा फेरा घट्ट करायचे. आता नाक वर आणायचे, पातळीच्या अर्धा इंच वरपर्यंत. मागची बाजू जॅकवर बसते. मग पुढचे दोन जॅक टेकवायचे आणि नाक पातळीवर उतरवायचे. चारही कोपरे दाबलेले, कुणालाही उचललेले नाही. एक इंचापेक्षा जास्त खेळू नका, नाहीतर तो पीळ परत येतो.

ड्रिलने जॅक उतरवणारे पाऊण इंची षटकोनी सॉकेट वापरतात. ड्रिल फक्त जमिनीला टेकेपर्यंत. पुढचे काम हँडलने, कारण ड्रिलच्या वेगात हाताला ताण कळत नाही. आणि जॅक जितका कमी उघडेल तितका ताठ. खाली ठोकळे रचून त्याची उंची कमी करा.

मागचे मूळचे खाली पडणारे पाय काढून आम्ही कात्री जॅक बसवले. कात्री जॅक आपल्या कात्रीच्या दिशेने ताठ असतो आणि आडव्या दिशेने लवतो, म्हणून चेसिसच्या कडेला समांतर न लावता कोपऱ्याच्या रेषेत ४५ अंशांवर लावले. दोन्ही दिशांचा हेलकावा अर्धा-अर्धा वाटला जातो.

स्लाइड

स्लाइडच्या आधी बाहेर चक्कर मारा: विजेचा खांब, झाडाची फांदी, पिकनिकचे टेबल. ट्रेलर पातळीत आणि जॅक टेकलेले असतील तरच स्लाइड बाहेर. नाक खाली असेल तर खोली एका बाजूला कलते. श्विनटेकमध्ये खोलीच्या दोन्ही कडांना वेगळ्या मोटारी आहेत. कलामुळे एकीवर भार जास्त आला की ती मागे पडते आणि खोली तिरकी होते. बॅटरीचा व्होल्टेज कमी असला तरी हेच होते. भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.७ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली. जोडणी नसलेल्या जागी आधी जनरेटर किंवा सोलरने भरून घ्या, मग स्लाइड.

बटण एकदा दाबले की खोली पूर्ण बाहेर जाईपर्यंत सोडू नका, आणि टोकाला पोचल्यावर मोटारी स्वतः थांबेपर्यंत तीन-चार सेकंद धरून ठेवा. तिथेच दोन्ही मोटारी पुन्हा जुळतात. एक बाजू मागे राहिली तर पूर्ण बाहेर नेऊन धरा, इंच-दोन इंच आत घ्या, परत बाहेर नेऊन धरा. दोन्ही मोटारी एकदम थांबेपर्यंत हे करायचे.

स्लाइड बाहेर गेली की वजन त्या बाजूला सरकते आणि तिकडचे पाटे दबतात. बुडबुडा पुन्हा बघा, त्या बाजूचे जॅक पाव फेऱ्याने घट्ट करा. स्लाइडखाली वेगळा आधार मात्र देऊ नका. बहुतेक माहितीपुस्तके नको म्हणतात, आणि कारण पटण्यासारखे आहे: जमीन किंवा पाटे दबले की ट्रेलर खाली जातो, आधार जागेवर राहतो आणि सगळा दाब स्लाइडच्या तळावर व सीलवर येतो.

उरलेली डुगडुग

आत चालताना होणारी हालचाल तीन प्रकारची आहे आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. पुढे-मागे होणारी हालचाल टायर किंचित गडगडल्याने आणि इक्वलायझर फिरल्याने येते. तिच्यासाठी दोन टायरांमध्ये पसरून बसणारे एक्स-चोक, दोन्ही बाजूंना एकेक. ते पातळी झाल्यावर लावायचे आणि स्लाइडनंतर पुन्हा तपासायचे, कारण भार बदलला की सैल होतात. जमिनीवरच्या पाचरींची जागा ते घेत नाहीत.

डावी-उजवी हालचाल उंच जॅकच्या पायांमुळे असते. तिथे चेसिसपासून जॅकच्या पायापर्यंत तिरक्या कांब्या लावणारे किट उपयोगी पडते, कारण तिरकी कांबी त्रिकोण करते. अशा कांब्या टंग जॅक हलवण्यापूर्वी सैल केल्याच पाहिजेत, नाहीतर जॅकचा पाय वाकतो.

वर-खाली होणारी उसळ सर्वात चिवट आहे. ती टायर, पाटे आणि चेसिसच्या लवण्यातून येते आणि कोपऱ्यांचे जॅक मधल्या भागापर्यंत पोचत नाहीत. दुसरे एक कारण दाराची पायरी आहे: लटकणारी घडीची पायरी चढताना सगळा धक्का दाराच्या चौकटीला मिळतो. जमिनीला पाय टेकणारी पायरी बसवली की चढणाऱ्याचे वजन जमिनीवर जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा पाहा. रात्रभरात जमीन दबते, पाऊस झाला असेल तर अधिकच. निघताना स्लाइड आत घ्यायची ती ट्रेलर पातळीत आणि जॅक टेकलेले असतानाच. मग कांब्या सैल, जॅक वर, एक्स-चोक काढायचे, गाडी जोडायची, आणि पाचरी सर्वात शेवटी.

पुढचे काम ठरले आहे: ॲक्सलच्या पुढे आणि मागे, चेसिसच्या मुख्य रेलखाली स्क्रूचे दोन-दोन ठोकळी जॅक, उसळीवर. ते नुसते टेकवायचे, उचलायचे नाहीत. त्याआधी रेलवर आडव्या पट्ट्या कुठे जोडल्या आहेत ते तळाचे आवरण उघडून बघायचे आहे, कारण जॅक तिथेच बसला पाहिजे, मधल्या लवत्या भागावर नाही.