अठरा लाखांची गाडी, ऐंशी लाखांचे पार्ट

"मिस्तरी, गाडी खाली बसली. उठूनच नाही रायली. अन् मांगं मालाचा ट्रक उभा हाय, लवकर या."

मार्च चालू होता. वरुड-शेंदूरजनाघाटच्या पट्ट्यात मिरगाच्या बहराच्या संत्र्याची तोड ऐन भरात असली की कोणाला मान वर करायला फुरसत नसते. फोन करणारा पोरगा ओळखीचा, एका बागवाल्या काकाजींचा धाकटा. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराच्या मालाचे पैसे हाती आले, तेव्हा त्याने मोठ्या नावाची एक परदेशी एसयूव्ही घेतली होती. २०१६चं मॉडेल, तीन लिटरचं डिझेल इंजिन, दिल्ली पासिंग, किंमत अठरा लाख. नवी असताना हीच गाडी ऐंशी लाखांच्या घरात होती.

अशा गाड्या आमच्याकडे यायला लागल्या त्याला कारण आहे. दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल गाडी दिल्ली परिसरात चालवायची नाही, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. तेव्हापासून तिकडचे मालक दहावं वर्ष जवळ आलं की गाडी मिळेल त्या भावात काढू लागले. दलाल ती उचलतात, धुऊन-पुसून नागपूर-अमरावतीला आणून उभी करतात. गाडी दिसायला झकास असते, आतलं चामडं मऊसूत असतं. नव्या फॉर्च्युनरचा भाव ऐकलेल्या माणसाला अठरा लाख म्हणजे फुकटच वाटतात.

गॅरेजातल्या पोऱ्याला घेऊन, जॅक, जंपर केबल आणि हवेच्या फिटिंगचा डबा मोटरसायकलला बांधून निघालो.

पांदण अरुंद. एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला काटेरी तारेचं कुंपण. मधोमध ती काळी गाडी, पुढच्या उजव्या कोपऱ्यावर मातीत टेकल्यासारखी. चाकाचा वरचा भाग मडगार्डच्या आत शिरलेला, बोट घालायलाही फट नाही. मागे क्रेटांनी भरलेला ट्रक. माल नागपूरच्या कळमना बाजाराला जायचा होता, ऊन चढत होतं आणि व्यापाऱ्याचा माणूस फोनवर फोन करत होता. ट्रॅक्टर आणून गाडी ओढायची तयारी चालू होती, साखळीसुद्धा बांधून झाली होती.

साखळी आधी सोडायला लावली. बॅटरी पूर्ण उतरली होती. या गाडीत गिअरचा दांडा तारेने गिअरबॉक्सला जोडलेला नसतो, बटणाने सगळं होतं. वीज नसली की गाडी पार्कमध्येच अडकून राहते आणि मागची चाकंही सुटत नाहीत, कारण हँडब्रेकसुद्धा विजेवरच. तशी ओढली असती तर पार्कचा खटका मोडला असता, दबलेल्या चाकाने मडगार्डचं अस्तर फाडलं असतं, आणि जे काम हजारांत होतं ते लाखांत गेलं असतं.

बॅटरी का उतरली? पोरग्याने सांगितलं, आदल्या संध्याकाळी बागेतून परतताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा आला, गाडी झुकली. त्याने तिथेच थांबवली आणि इंजिन बंद ठेवून, नुसतं इग्निशन चालू करून, गाडी उचलायचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. इथेच सगळा घोळ झाला. या गाडीला पाटे नाहीत, स्प्रिंग नाही. चारही कोपऱ्यांवर रबराचे फुगे आहेत, त्यात हवा भरून गाडी उचलून धरलेली असते. हवा भरायला एक छोटा विजेचा कंप्रेसर असतो. फुगा फुटका असेल तर भोक पडलेल्या ट्यूबमध्ये पंप मारत बसण्यासारखंच ते. कंप्रेसर तापत राहतो, बॅटरी रिकामी होते, आणि शेवटी दोन्ही बंद पडतात.

जंपर लावायला ट्रकची बॅटरी जवळ होती, पण ट्रक २४ व्होल्टचा, गाडी १२ची. हे न बघता केबल लावणारे मी पाहिले आहेत. अशा गाडीत डझनावारी छोटे संगणक असतात, सगळ्यांचा एका क्षणात खेळ खलास होतो. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी काढून आणायला लावली, जोडली, गाडी जागी झाली. लगेच कंप्रेसरला वीज देणारा रिले उपसून खिशात टाकला, म्हणजे तो पुन्हा धडपडणार नाही.

मग बाजूची माती खोरून जॅक बसवला, खाली दगड सारून ठेवले. अशा गाडीच्या खाली नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी हात घालू नये. चाक सैल झाल्यावर फुग्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि टॉर्च मारून थांबलो. हाताच्या पंपाने थोडी हवा दिली. फुगा खालच्या बाजूला जिथे दुमडतो, त्या घडीत केसासारखी चीर होती, आणि तिथून बारीक पांढरे बुडबुडे एकापाठोपाठ एक रांगेने निघत होते. घडीत आमच्या पांदणीची काळी माती वाळून बसली होती. रबर वयाने कडक होतंच. त्यात धूळ शिरली की प्रत्येक खड्ड्याला ती आतून कानशीसारखी घासते. पोरग्याला जवळ बोलावून दाखवलं. तो बराच वेळ खाली वाकून बघत राहिला.

चीर बारीक होती, म्हणजे फुगा तासभर तरी हवा धरणार होता. प्रश्न एवढाच, हवा आणायची कुठून? गाडीचा कंप्रेसर तर गेलेला. हवा मागेच उभी होती. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, टाकीत सात-आठ बारचा दाब असतो, आणि ड्रायव्हर त्याच टाकीतून टायरमध्येही हवा भरून घेतात. फुग्याची नळी व्हॉल्व्हच्या ठोकळ्याकडून सोडवली, तिला पुश फिटिंग लावून ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि ट्रकच्या नळीतून हवा दिली. जॅकने वजन उचललेलं होतंच. चाक आणि मडगार्डमध्ये हळूहळू चार बोटांची फट झाली. ट्रकवाला स्वतः नळी धरून बसला होता, त्याचा चेहरा आधी उजळला.

पोरग्याला स्टीअरिंगवर बसवलं, माणसाच्या चालीने गाडी डांबरी रस्त्यापर्यंत आणली. ट्रक कळमन्याकडे गेला. गाडी पुन्हा एकदा हवा भरून दुपारपर्यंत माझ्या गॅरेजला लागली.

खरी गोष्ट तिथे सुरू झाली. काकाजी आले. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. आयुष्यभर बोलेरो आणि ट्रॅक्टर सांभाळलेला माणूस, पाना कुठला लागतो हेही ज्याला माहीत असतं. गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला तर अपेक्षेप्रमाणेच निघालं: कंप्रेसर तापून बंद पडल्याच्या नोंदी महिन्याभरापासून जमत होत्या. गाडी सांगत होती, पिवळा दिवा लावत होती, आणि दिवा आपोआप विझला की पोरगा पुढे जात होता.

"किती लागतीन?"

कंपनीचा एक नवा पुढचा फुगा शॉकअपसकट लाखाच्या वर जातो. बाहेरच्या चांगल्या बनावटीचा त्याच्या निम्म्यात किंवा थोडा कमी. कंप्रेसर वेगळा, तोही चाळीस हजारांच्या पुढे. हे सांगितल्यावर काकाजी खुर्चीवर बसले.

"अठरा लाखाची गाडी, अन् एका रबराच्या फुग्याले लाख रुपये?"

"काकाजी, गाडी तुमच्यासाठी अठरा लाखाची हाय. पार्ट इकणाऱ्यासाठी ते अजून ऐंशी लाखाचीच हाय."

या धंद्यात मला कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि दलाल ती कधी सांगत नाही. गाडीचा भाव दर वर्षी उतरतो, पार्टचा उतरत नाही. टायर वीस इंची, एकेक पंचवीस-तीस हजारांच्या घरात. इंजिनात सात-आठ लिटर ऑइल, तेही ठरावीक दर्जाचंच. बॅटरी बदलली तर ती स्कॅनरने गाडीला सांगावी लागते, नाहीतर चार्जिंगचं गणित बिघडतं. गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' म्हणून विकणारे सांगतात. पण आठ गिअरचे हे बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, नाहीतर आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. त्यात फिल्टर आणि खालचं प्लॅस्टिकचं पॅन एकच असतं, म्हणून नुसता फिल्टर बदलता येत नाही.

पोरगा मधेच म्हणाला, "विमा हाय ना फुल. विमेवाले देतीन ना?"

अपघात, चोरी, आग, पूर यांना विमा आहे. झीज झाली, मशीन बंद पडलं, वायरिंगमध्ये बिघाड झाला, त्याला साधा विमा पैसे देत नाही. अपघातात गेलं तरी रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी घट कापतात. हे ऐकून पोरग्याचा चेहरा उतरला, मला त्याचं वाईट वाटलं. त्याने पैसे उधळले नव्हते. त्याला गाडीची मनापासून हौस होती, आणि ती चालवताना तो किती जपून चालवतो हेही मी पाहिलेलं आहे. त्याला कोणी हिशेब मांडून दाखवला नव्हता, एवढंच.

मग मी टाकीचं झाकण उघडायला लावलं, कारण दुसरी भीती त्याहून मोठी होती. आमच्याकडे बागेत ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम असतो. घाई असली की त्यातूनच कॅनने गाडीत ओततात. ट्रॅक्टरचं जुनं इंजिन ते पचवतं. या गाडीच्या इंजेक्टरमध्ये डिझेल १६०० बारच्या वर दाबाने जातं, आणि आतली फट इतकी बारीक की ड्रमच्या तळाचं पाणी किंवा गंज थोडा जरी गेला तर आधी पंप चरतो आणि त्याचा धातूचा कीस सगळ्या लाइनमध्ये पसरतो. ते काम निघालं की फुग्याचा खर्च किरकोळ वाटायला लागतो. फिल्टर सोडवून काचेच्या बाटलीत ओतला. डिझेल स्वच्छ होतं. काकाजींनी बाटली उन्हात धरून स्वतः पाहिली. त्यांना यातलं सगळं कळत होतं, आणि मला बरं वाटलं.

"मंग इकून टाकू का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. इंजिन निरोगी होतं, गिअर मऊ पडत होते, बॉडीला गंज नव्हता. बसलेली गाडी विकायला काढली तर समोरचा आठ-नऊ लाखांच्या वर बोलणार नाही. दुरुस्त करून ठेवावी, पण तिच्या अटींवर. नागपूरला सर्व्हिस शंभर किलोमीटरवर आहे, गाडी पाठीवर चढवून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचं भाडं वेगळं. तेव्हा पिवळा दिवा लागला की त्याच आठवड्यात दाखवायचं. वर्षाकाठी दीड-दोन लाख या गाडीच्या नावाने बाजूला ठेवायचे, काही निघालं नाही तर पुढच्या वर्षाला कामी येतात. ड्रममधलं डिझेल तिला कधीच नाही. आणि दिल्ली पासिंगचं काम अर्धवट होतं: तिथल्या आरटीओचं नाहरकत पत्र आणलेलं, पण इथला रोड टॅक्स भरून एमएच-२७ नंबर घेतलेला नव्हता. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवली तर नंबर बदलावाच लागतो. तो खर्चही दलालाने अठरा लाखांत धरून सांगितला नव्हता.

काकाजींनी थोडा वेळ हिशेब केला, बोटांवर, ओठ हलवत. मग म्हणाले, "एकच फुगा कायले? दुसराबी तेवढ्याच वयाचा हाय. दोन्ही लाव."

हे मला सांगावं लागणार होतं, त्यांनीच सांगितलं. पुढचे दोन्ही फुगे बाहेरच्या चांगल्या बनावटीचे मागवले. कंप्रेसर मात्र नवाच आणि त्याचा रिलेही नवा, कारण तापलेल्या रिलेचे पॉइंट कधी चिकटतील सांगता येत नाही. चिकटले की नवा कंप्रेसरही चालूच राहून जळतो. हवा कोरडी करणाऱ्या डब्यातले दाणे ओले निघाले, तोही बदलला. पार्ट नागपूरहून ट्रॅव्हल्सने आले. बसवल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेपने चारही बाजूंची उंची मोजून स्कॅनरमध्ये भरली. हे केलं नाही तर नवे फुगेही गाडी वाकडीच धरतात. रात्रभर उभी ठेवली. सकाळी परत टेप लावला, उंची एका रेषेचाही फरक न पडता तीच.

गाडी न्यायला दोघंही आले. पोरग्याने बिलाचे पैसे दिले, आणि फुग्याच्या घड्या कशा धुवायच्या ते पोऱ्याकडून बघून घेतलं: साधं पाणी, कमी प्रेशरने, चाकं पूर्ण वळवून, पावसाळ्यात दर आठवड्याला. बागेत आता बोलेरो जाते. मोठी गाडी डांबरी रस्त्यावर, काकाजींच्या थोरल्या भावाच्या गोठ्यात उभी असते, आणि अमरावती-नागपूरला जायचं असलं की निघते. नंबरचे कागद एप्रिलमध्ये अमरावतीच्या आरटीओत दिले.