संगमेश्वरहून नालासोपाऱ्याला

कार्तिकातल्या एका पहाटे मी माझ्या आत्याला घेऊन संगमेश्वर रोड स्थानकावर रत्नागिरी–दिवा पॅसेंजरची वाट पाहत उभी होते. आत्याचे सामान फार नव्हते. कपड्यांची पिशवी, यंदाच्या भाताच्या तांदळाचे गाठोडे आणि चिंचेने घासून लख्ख केलेली तांब्याची कळशी. ती नालासोपाऱ्याला मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. तिच्या वाडीत बावीस घरे आहेत, पण त्यांपैकी चारच घरांत वर्षभर चूल पेटत होती आणि त्या दिवसापासून ती तीन झाली. बाकीची कुलपे गौरी-गणपतीला आणि शिमग्याला पालखी दारात यायची असते तेव्हा उघडतात.

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे स्थलांतराचे आकडे मला तोंडपाठ आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच दहा वर्षांत त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात २९ लाखांहून अधिक माणसांची भर पडली आणि १ कोटी १० लाखांचा आकडा गाठून तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. हे सारे मी कितीदा तरी फळ्यावर लिहिले आहे, पण उतरत्या बाजूचे एक माणूस हाताला धरून चढत्या बाजूला नेऊन सोडण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

गाडी आली तेव्हा नुकते उजाडत होते. खिडकीबाहेर कापणी झालेली खाचरे, मध्येच एखादी भाताची उडवी, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पडीक जमीन दिसत होती. पूर्वी जिथे आवण लावणाऱ्या बायकांच्या ओळी असत तिथे आता पुरुषभर उंचीचे रान माजले आहे, आणि वानरे व रानडुकरे जे ठेवतील तेवढेच पीक घरात येते. आत्या प्रत्येक स्थानकावर फलाटावरच्या माणसांकडे निरखून पाहत होती. सावर्डे, चिपळूण, खेड अशी गाडी भरत गेली. चढणाऱ्यांत म्हातारी माणसे आणि लहान मुले घेतलेल्या बायका अधिक होत्या, आणि हे जनगणनेशी जुळणारेच होते. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर ठाण्यात अवघ्या ८८६. मुलींचा जन्मदर एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असल्याने एवढी तफावत पडलेली नाही. कामाच्या वयाचे पुरुष एका जिल्ह्यातून उठून दुसऱ्यात गेले आणि मागे घर, गोठा आणि म्हातारी माणसे सांभाळायला बायका राहिल्या. माझ्या आजीचे आणि आत्याचे सबंध आयुष्य त्या १,१२२ मध्ये गेले.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा मी शाळकरी मुलगी होते आणि रेल्वेबरोबर गावाकडे उद्योग येतील असे सगळे म्हणत होते. माझ्या मते रेल्वेने आमच्या तालुक्याला सर्वांत जास्त काही दिले असेल तर ते सणाला घरी येण्याची सोय आणि पुन्हा निघून जाण्याची सोय.

आतोबा लालबागच्या एका गिरणीत होते. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि महिन्याला गावी मनीऑर्डर करत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या बहुसंख्यांना पुन्हा साच्यासमोर उभे राहता आले नाही. आतोबा वर्षभर वाट पाहून गावी परतले, पण आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, दहावी होताच मुंबईला गेला. लग्न ठरले तेव्हा त्याला परवडणारी खोली गिरणगावात नव्हती, परळला नव्हती, बोरिवलीलाही नव्हती. ती नालासोपाऱ्याला मिळाली. शहर कसे वाढते हे मुलांना समजावताना मी नकाशावर वर्तुळे काढते, पण खरे तर त्या एका वाक्यात ते सगळे येते. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्यातली अडीच लाख माणसे कमी झाली, आणि शहराच्या पोटात न मावलेले सगळे लोहमार्गाच्या कडेकडेने उत्तरेला विरारपर्यंत आणि पूर्वेला बदलापूरच्याही पुढे पसरत गेले. महाराष्ट्रात आता एका स्त्रीमागे सरासरी दोनही मुले होत नाहीत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण १.७ आले. मग एवढी वाढ पाळण्यांतून येते असे मानणे चुकीचेच ठरते. ती बिऱ्हाडांतून येते.

पनवेलनंतर बाहेरचे रूप पालटले. तळोजा, निळजे या भागात भातशेतीच्या बांधाला लागूनच वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. दिव्याला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. पुलावर चढताना आत्या एका पायरीवर थांबली आणि खालची गर्दी पाहत म्हणाली, “येवढी मान्सं ऱ्हातात कुटं गो?” रत्नागिरी जिल्ह्यात चौरस किलोमीटरला १९७ माणसे राहतात आणि ठाण्यात १,१५७ राहत होती, हे उत्तर तिथे देण्यासारखे नव्हते. मी तिच्या हातातले गाठोडे घेतले.

दिवा–वसई गाडी कमी वेळा सुटते, म्हणून तासभर थांबावे लागले. ही गाडी मुंबईला बाजूला ठेवून खाडी ओलांडते आणि भिवंडी, खारबाव, कामण, जूचंद्र अशी वसईला पोहोचते. आमच्या समोरच्या बाकावर भिवंडीच्या एका गोदामात माल चढवणारे चार तरुण होते. त्यांतला एक जौनपूरचा, दोघे बिहारमधल्या दरभंग्याचे आणि चौथा जव्हारकडचा वारली. जौनपूरच्या मुलाने आत्याला खिडकीची जागा दिली आणि घरी कोण असते असे मी विचारल्यावर म्हणाला, आई आहे, बायको आहे, आणि शेत बटाईने दिले आहे. आत्याला त्याची हिंदी निम्मीच कळली, पण घरी आई एकटी आहे एवढे बरोबर कळले. परप्रांतीयांच्या लोंढ्याविषयी आमच्याकडे तावातावाने बोलले जाते. त्या बाकावर बसल्यावर मला तरी त्या मुलाच्या आणि माझ्या दादाच्या गोष्टीत अंतराखेरीज वेगळे काही सापडले नाही.

नालासोपाऱ्याची लोकसंख्या २००१ मध्ये १ लाख ८४ हजारांच्या आसपास होती. ३ जुलै २००९ रोजी ते वसई-विरार महापालिकेत आले आणि २०११ च्या गणनेत त्या महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. पूर्वेला उतरल्यावर माणसांच्या रेट्यातून रिक्षापर्यंत पोहोचायलाच आम्हाला वीस मिनिटे लागली. दादाच्या इमारतीत चार मजल्यांवर मिळून राजापूर, आझमगड, भावनगर, जळगाव आणि उडुपी इथली कुटुंबे राहतात. पाणी एक दिवसाआड येते, तेही तासभर. वहिनीने कळशी पाहिली, आनंदाने हातात घेतली आणि मोरीशेजारच्या निळ्या पिंपाजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच पश्चिमेला सोपारा गावात गेले. हेच जुने शूर्पारक बंदर. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला आणि सम्राट अशोकाच्या लेखाचा तुकडाही इथेच सापडला. परगावची माणसे ही भूमी दोन हजारांहून अधिक वर्षे पाहते आहे. पुढे निर्मळ, गास या बाजूला केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या अजून आहेत, विहिरी आहेत, कुपारी आणि वाडवळ बोली कानावर पडतात. महापालिका झाली तेव्हा या पट्ट्यातल्या अनेक गावांनी तीत जायला विरोध केला होता. एका वाडीवाल्या काकांनी मला विहीर दाखवली आणि पाण्याची जुनी खूण कुठे होती तेही दाखवले. ती आताच्या पाण्यापेक्षा बरीच वर होती. येणाऱ्यांना घर हवे हे जितके खरे, तितकीच ती खूणही खरी आहे. मिठागरे आणि खाजणे भरून घरे झाली की पावसाच्या पाण्याला जागा उरत नाही. जुलै २०१८ मध्ये इथले रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या थांबल्या, तेव्हा दादा दोन दिवस घरी पोहोचला नव्हता.

परतीच्या आदल्या संध्याकाळी जनगणनेचा विषय निघाला. २०२१ ची गणना राहून गेली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस ठरला आहे. आत्याने विचारले, “मना खंडाळ्यात मोजतील की हितं?” तिथल्या वाडीचे नाव तिने असे घेतले की आम्ही दोघेही क्षणभर बोललो नाही. मी सांगितले, जिथे राहतेस तिथे, म्हणजे पालघर जिल्ह्यात. मात्र तुझा जन्म कुठला, याआधी कुठे राहत होतीस आणि तिथून का आलीस, हेही विचारतात. मागच्या गणनेतली कारणांची यादी मी तिला वाचून दाखवली: रोजगार, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर, कुटुंबासह, इतर. लग्न होऊन आत्या खंडाळ्यात आली तेव्हाचे कारण त्या यादीत होते. आताचे कोणते, हे तिने बराच वेळ मनात चाचपून पाहिले.

“शेजार ऱ्हायला न्हाय,” ती म्हणाली, “असं लिवायला सांग.”