खुर्ची उघडता आली पाहिजे

एका रात्रीचे पाच-सहा हजार घेणाऱ्या हॉटेलच्या खोलीत फाटकी खुर्ची असू नये, असं मला मनापासून वाटतं. माझं धुळ्यात कुशनचं आणि फर्निचर दुरुस्तीचं काम आहे. वडील सुतार, आयुष्यभर गुजरातमधल्या डांगच्या सागावर हात चालवला. मी फोम-रेक्झिनकडे वळलो. लग्नसराईच्या आधी धुळे, जळगाव, भुसावळच्या हॉटेलांतून बोलावणं येतं आणि पाहुणे ज्यावर नुसते बसतात ते सामान मला उलटं करून बघायला मिळतं. लॉबीत संगमरवर असतो, झुंबर असतं. वर खोलीत गेलं की लिहायच्या टेबलाच्या काठाची पट्टी सुटलेली, ड्रॉवर तिरका अडकलेला, सोफ्यावर बसलं की बूड थेट फळीला टेकतं.

टेबल-कपाटं बहुधा पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकानं दाबून केलेल्या फळीची, वरून माइका. हॉटेलात रोज ओला पोछा फिरतो. कपाटाचा खालचा काठ रोज थोडं पाणी पितो, फुगतो, पट्टी सोडतो. बिजागरीच्या स्क्रूला एकदा पकड राहिली नाही की त्या भोकात पुन्हा स्क्रू बसत नाही. आमचे नाना, जुने मिस्त्री, असं कपाट ठोकून बघतात आणि मालकाच्या तोंडावर सांगतात, ‘शेठ, हाई लाकूड नही शे, भुसा शे.’ खालच्या भागाला तरी ७१० ग्रेडचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय लावा, जमिनीपासून चार बोटं वर उचला, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो. थोडे जण ऐकतात.

रेक्झिनची गोष्ट आणखी वाईट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. खोली रिकामी असली की एसी बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मग पावसाळ्याची दमट हवा. पीयू रेक्झिनचा, म्हणजे वरून प्लास्टिक चढवलेल्या नकली चामड्याचा, वरचा थर उष्णता आणि ओल यांनी मोडतो. त्यात घाम आणि डोक्याचं तेल. मग पापुद्रे सुटतात, पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टाला चिकटतात. हाऊसकीपिंगची पोरं त्यावर चादर टाकून वेळ निभावतात. त्यांचा दोष नाही, त्यांच्या हातात तेवढंच असतं.

पण मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो हळदीच्या डागांचा. आता हळदीचा कार्यक्रम हॉटेलातच होतो. नवरीच्या मावश्या, काकू, पोरंसोरं, एका खोलीत दहा माणसं, आणि ओल्या हळदीचे हात पलंगाच्या पाठीला, सोफ्याच्या दांडीला. मालक म्हणतो, हे कापड गेलं, नवीन लाव. खरं तर हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कापड काढून धुवावं, खान्देशच्या उन्हात वाळत घालावं, डाग फिका पडत जातो. आपल्याकडे ऊन फुकट आहे, भरपूर आहे. पण कापड काढणार कसं? ते गनने पिना मारून फळीला पक्कं केलेलं असतं. उपसलं की फाटतं. म्हणजे दोन दिवसांच्या उन्हानं निभावलं असतं तिथे अख्खी पाठ बदलायची.

म्हणून माझा हट्ट एकच आहे: हॉटेलचं सामान उघडता आलं पाहिजे. कव्हरला चेन हवी. खुर्चीची बैठक खालून चार स्क्रू काढले की हातात आली पाहिजे. फोम निदान ४० डेन्सिटीचा, म्हणजे चांगला दाट हवा, हलका फोम लवकर बसतो आणि पिवळा पडून भुगा होतो. इंग्रजांच्या काळातल्या डाक बंगल्यांतल्या सागाच्या आरामखुर्च्या आठवा, लांब दांड्यांच्या. वेत तुटला की वेत विणणारा येऊन नवा विणायचा, सांगाडा तोच राहायचा. वडिलांनी अशा खुर्च्यांच्या दांड्या घासून पुन्हा पॉलिश केलेल्या मी लहानपणी बघितल्यात.

मालकांची बाजूही मला कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण मालकाला खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. नव्या फर्निचरवरचा कर त्याच्या खिशातून जातो. मोठ्या हॉटेल-साखळ्यांच्या करारात उत्पन्नाचा काही भाग, साधारण ३ ते ५ टक्के, दरवर्षी सामान बदलण्यासाठी बाजूला ठेवतात. आपल्याकडची बहुतेक हॉटेलं घरच्या मालकीची. तिथे सीझनचा पैसा आला की आधी नवा लॉन, नवा हॉल. खोली मागे राहते. पण करामुळे नवं घेणं परवडत नसेल, तर दुरुस्त होणारं घेणं जास्तच गरजेचं नाही का?

जळगावात अजिंठ्याला जाणारे पाहुणे उतरतात. साठेक किलोमीटरवर जगाला दाखवण्यासारखं काम दगडात कोरून ठेवलंय, ते बघून माणूस रात्री खोलीत परततो आणि हलणाऱ्या खुर्चीत बसतो. मला याची लाज वाटते. ती खुर्ची आपल्याच गावातल्या कुणीतरी जोडलेली असते.

वाचणारे बहुतेक जण हॉटेलात पाहुणे म्हणून जाणारे असणार, म्हणून तुमच्याकडे एक मागणं. नाश्ता आणि वायफायबद्दल सगळे बोलतात, खुर्चीबद्दल कुणी बोलत नाही. रिसेप्शनवर खोली नंबर देऊन सांगा, फोटो दाखवा. तक्रार लिहिली गेली तरच ती वर पोचते आणि आमच्यासारख्याला फोन येतो. आणि तुमच्याच कार्यक्रमात हळद सांडली असेल तर न घाबरता लगेच सांगा. लाजेपोटी बाथरूममधला साबण घासू नका, साबणानं हळद लाल होते आणि डाग आणखी उठून दिसतो. कोरड्या कापडानं टिपून घ्या आणि राहू द्या. बाकीचं आम्ही बघतो.