इलेक्ट्रिक गाडी अडते ती बहुतेकदा छोट्या बॅटरीपायी

धास्ती सगळ्यांना मोठ्या बॅटरीची असते, पण गाडी ‘रेडी’ (चालवायला तयार) होत नाही तेव्हा बऱ्याचदा १२ व्होल्टची साधी बॅटरी उतरलेली असते. कुलपं, स्क्रीन, मोठी बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच), सगळं तिच्यावरच चालतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर या बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. १२.२ व्होल्टच्या खाली दिसलं तर चार्ज करून पुन्हा तपासा. परत उतरली तर बदलाच.

दुसरं दुखणं अर्थिंगचं. सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की चार्जर मध्येच थांबतो आणि बोल गाडीला लागतो. खड्ड्यात पाणी घाला, १६ अँपिअरच्या सॉकेटला मीटरपासून स्वतंत्र वायर ओढा. प्लग हाताला चटका देत असेल तर चार्जिंग तिथेच थांबवून सॉकेट बदला. यात चालढकल अजिबात नको, इथून आग लागू शकते.

खर्च मीटरवर मोजा. चार्जिंगमध्ये साधारण १० टक्के वीज वाया जाते, म्हणजे ३० युनिटांच्या बॅटरीला ३३ च्या आसपास लागतात. इंजिन ऑइल नाही, पण कूलंट आणि ब्रेक फ्लुइड आहेच. वजन आणि टॉर्कमुळे (मोटरच्या फिरवण्याच्या जोरामुळे) टायर मात्र लवकर झिजतात.