गीझर, मोटार आणि दीडशे युनिटांची मर्यादा

आतापर्यंत इंदूरच्या आमच्या घरी विजेचा वापर समजून घेण्यासाठी सीटी क्लॅम्पने (तारेभोवती अडकवायच्या प्रवाहमापकाने) केवळ प्रवाह मोजत होतो. या महिन्यात इलेक्ट्रिशियनकडून मुख्य तारेवर पीझेम-००४टी हे वीजमापक मॉड्यूल बसवून घेतले आणि ईएसपी३२ या छोट्या वाय-फाय मायक्रोकंट्रोलरला जोडले. आता व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टरही (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारापैकी किती भाग खरे वॅट असतो, ते सांगणारे गुणोत्तर) मिळत असल्याने पाण्याच्या मोटारीचे खरे वॅट दिसतात. एरवी व्होल्ट आणि अँपिअर यांचा नुसता गुणाकार मोटारीचा वापर फुगवून दाखवतो.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली पद्धत वापरून, म्हणजे संपूर्ण घराच्या वीजवापराच्या एकाच आलेखातील चढउतारांवरून, उपकरणे ओळखण्याचा प्रयत्न चालू आहे. गीझरची २००० वॅटची पायरी (आलेखातला एकदम चढ) लपत नाही. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येत असल्याने मोटारही सहज सापडते. सेटटॉप बॉक्स मात्र पंख्यांच्या गर्दीत हरवतो.

सर्वांत रंजक निघाला तो गीझर. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.७ युनिट, म्हणजे २००० वॅटवर जेमतेम एकवीस मिनिटे लागतात. आई पहाटेच बटण लावते, यावरून घरात जुना वाद आहे. पण कोणी पाणी घेत नसताना थर्मोस्टॅट अधूनमधून थोडा वेळच चालू होतो, आणि आलेखात मोठे पट्टे उमटतात ते बादल्या भरताना. त्यामुळे बटणापेक्षा बादलीचा आकार अधिक महत्त्वाचा, असे माझे मत झाले आहे (ते घरात मांडण्याचे धाडस अद्याप केलेले नाही).

वापर सवयींवर इतका अवलंबून असतो, हे पाहिल्यावर अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांना १९७० च्या दशकात न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स वसाहतीत एकसारख्या घरांच्या इंधनवापरातही दुपटीपर्यंत तफावत आढळली होती, याचे आता नवल वाटत नाही.

मध्य प्रदेशच्या गृहज्योती योजनेत मासिक वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तरच पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात. म्हणून स्वयंपाकघरातील छोट्या पडद्यावर वॅट न दाखवता दिवसाची युनिटे दाखवली. मोबाइलवरील आलेख कोणी उघडत नसे, परंतु आता बाबा संध्याकाळी "पाच झाले का?" असे विचारतात आणि रिकाम्या खोलीतला दिवा मालवून येतात. दिव्याने बचत नगण्यच होते, तरी इस्त्री एकदम उरकण्याची सवयही त्याच पडद्यामुळे लागली.

पुढच्या टप्प्यात सेटटॉप बॉक्सला स्वतंत्र प्लग-मीटर लावीन आणि एक बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटारीचा) पंखा बसवून उन्हाळ्याआधी त्याची पायरी नोंदवून ठेवीन.