भाड्याच्या घरात सावळी

भारतातून कुणाचाही फोन आला की आमच्या सावळीची चौकशी होते आणि पाठोपाठ एक प्रश्न ठरलेला असतो: भाड्याच्या घरात एवढी मोठी कुत्री ठेवू देतात तुम्हाला? मेलबर्नमध्ये देतात. कायदाच तसा आहे. तरीही घर शोधताना होणारी दमछाक कायद्याने संपलेली नाही. ती कमी करणं ज्यांच्या हातात आहे, त्यांत आता आपली मराठी माणसंही बरीच आहेत. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी कायदा. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथे पूर्वी करारात ‘प्राणी ठेवायचे नाहीत’ असं कलम असायचं आणि मालकाने नाही म्हटलं की सहसा विषय तिथेच मिटायचा. २ मार्च २०२० पासून हे बदललं. आता भाडेकरू कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या सरकारी खात्याचा ठरावीक अर्ज भरून मालकाला देतो. मालकाची हरकत असेल तर त्याने १४ दिवसांच्या आत व्हीकॅट या न्यायाधिकरणाकडे जायचं आणि नकार का रास्त आहे ते पटवून द्यायचं. तो गेलाच नाही, तर परवानगी दिली असं धरलं जातं. न्यायाधिकरण प्राणी कुठला आहे, घर कशा प्रकारचं आहे, आतल्या वस्तू आणि फिटिंग कशी आहेत, दुसऱ्या एखाद्या कायद्याने मनाई आहे का, हे सगळं पाहतं. ‘मला कुत्री आवडत नाहीत’ एवढ्यावर तिथे भागत नाही. अंध किंवा अपंग व्यक्तीच्या मदतनीस कुत्र्यासाठी तर परवानगी मागावीच लागत नाही.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे न्यायाधिकरणाची पायरी कुणी चढायची, ते बदललं. भाड्याने राहणारा माणूस, त्यातही नव्या देशात आलेला, सहसा भांडायला जातच नाही. व्हिसा, नोकरी, पुढच्या घरासाठी लागणारं शिफारसपत्र या सगळ्याचा विचार करून तो गप्प बसतो. ती पायरी त्याच्याकडे ठेवली असती तर हा हक्क फक्त कागदावर राहिला असता.

आणि हा प्रश्न हौसेचा नाही. नॉर्थ मेलबर्नमध्ये ‘द लॉस्ट डॉग्ज होम’ ही शंभर वर्षांहून जुनी संस्था आहे. अशा आश्रयस्थानांत माणसं स्वतःचा प्राणी आणून सोडतात, त्यामागचं एक नेहमीचं कारण असतं घर. जुनं घर सुटलेलं असतं आणि नव्या ठिकाणी परवानगी मिळालेली नसते. प्राण्यात काही खोट नसते, माणसाच्या मायेतही नसते. दहा वर्षं एका उशीवर झोपलेली मांजर एका कराराच्या ओळीमुळे पिंजऱ्यात जाऊन बसते आणि तिला सोडून जाणारा माणूस गाडीत बसून रडतो. नाइलाजाने नातं तोडावं लागलेल्या एका कुटुंबाला मी जवळून ओळखते. त्यांच्या घरातली मुलं अजूनही त्या मांजरीचं नाव घेतलं की उठून दुसऱ्या खोलीत जातात.

मग दमछाक कुठे उरली? करारावर सही होण्याआधी. हा कायदा भाडेकरूला आधार देतो आणि अर्जदार अजून भाडेकरू झालेला नसतो. इथे शनिवारी सकाळी पंधरा-वीस मिनिटांसाठी घर उघडतात, बाहेर रांग लागते, बघून झालं की सगळे ऑनलाइन अर्ज टाकतात. आलेल्या अर्जांतून मालकाने अमुकच का निवडला, हे तो कुणाला सांगायला बांधील नाही. त्यातून एजंटने ‘कुत्रा आहे’ ही ओळ वाचली की अर्ज मालकापर्यंत पोचतो की नाही, तेही कळत नाही. म्हणूनच इथले पुष्कळ लोक सल्ला देतात की आधी प्राण्याचा उल्लेखच करू नका, सही होऊ द्या, मग १४ दिवसांचा अर्ज भरा. कायद्याने ते करता येतं आणि घराची निकड असलेल्या कुणालाही मी त्यासाठी दोष देणार नाही. पण माणसाला घरातला एक जीव लपवून घर मागावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. पुढे ज्या मालकाशी वर्षानुवर्षं संबंध येणार, त्याच्याशी सुरुवातच संशयाने होते.

आम्ही सावळीचा उल्लेख केला. तिचा ‘पेट रेझ्युमे’ जोडला. हा इथे आता रुळलेला प्रकार आहे. त्यात फोटो, वय, मायक्रोचिपची नोंद, लसीकरण, नसबंदी, कौन्सिलचं नोंदणीपत्र (तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्या-मांजराची नोंदणी सक्तीची आहे आणि दरवर्षी १० एप्रिलपर्यंत ती नव्याने करावी लागते), डॉक्टरांचं पत्र आणि आधीच्या मालकाचं पत्र. याशिवाय आमच्या कामाच्या वेळाही लिहिल्या होत्या, म्हणजे ती किती वेळ एकटी असेल ते समोरच्याला कळावं. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आलं नाही.

एका घराच्या मालकीणबाईंनी मात्र एजंटमार्फत निरोप दिला की कुत्रीला भेटायचं आहे.

सावळी ग्रेहाउंड आहे, शर्यतीच्या ट्रॅकवरून निवृत्त झालेली. ऑस्ट्रेलियात या जातीची ओळख शर्यतींमुळेच आहे, त्यामुळे लोक तिला घाबरतात. व्हिक्टोरियात पाळीव ग्रेहाउंडलाही बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधावी लागायची. १ जानेवारी २०१९ पासून ती सक्ती गेली, पट्टा मात्र अजूनही हवाच. प्रत्यक्षात ही जात क्वचित भुंकते, तिचे केस आखूड असतात, आणि घरात आली की ती दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढते. मालकीणबाई आल्या तेव्हा सावळी उठली, त्यांच्या पायाला अंग टेकून उभी राहिली आणि तशीच राहिली. बाईंनी मग जे प्रश्न विचारले ते मला फार आवडले. रात्री कुठे झोपते? मुसळधार पावसात शी-शूचं काय करता? एकटी राहिली तर दार ओरबाडते का? आम्ही आजारी पडलो तर तिला कोण सांभाळेल? त्यांनी जात विचारली नाही, वजन विचारलं नाही. समोरच्या या एका कुत्रीबद्दल विचारलं. बारा किलोची सीमा घालून दिली असती तर सावळी बाद झाली असती आणि दिवसभर भुंकणारं एखादं छोटं कुत्रं आनंदाने आत आलं असतं.

हाच मुद्दा सिडनीतल्या एका खटल्यात फार स्पष्टपणे पुढे आला. तिथे डार्लिंगहर्स्टमध्ये ‘होरायझन’ नावाची उंच इमारत आहे, हॅरी साइडलर या नामवंत वास्तुविशारदाने आखलेली. इमारतीच्या नियमांत प्राण्यांना सरसकट बंदी होती. अँगस नावाच्या एका मिनिएचर श्नाउझर कुत्र्याच्या मालकिणीने त्याविरुद्ध लढा दिला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने ती बंदी अवैध ठरवली. शेजाऱ्यांना काही त्रास होतो की नाही हे न बघता सगळ्यांना एकदमच मनाई करणं जाचक आहे, असं त्या निकालाचं सार. मालकी हक्काच्या घराबद्दलचा निकाल होता तो, पण भाड्याच्या घरालाही तोच विचार लागू पडतो. त्या राज्यात भाडेकरूंसाठीचा प्राण्यांविषयीचा नवा नियम १९ मे २०२५ पासून आला. तिथे मालकाला उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात आणि नकाराची कारणं कायद्यात नमूद केलेल्यांपैकीच असावी लागतात.

आता मालकांची बाजू, कारण त्यांची भीती खोटी नाही. कुत्र्या-मांजराची शू गालिच्यावर झाली की ती वरच्या धाग्यात थांबत नाही. खालच्या फोमच्या थरात मुरते आणि वर कितीही घासलं तरी ओलसर दिवसांत वास परत येतो. दाराच्या कडा ओरबाडल्या जातात, जाळीचे दरवाजे फाटतात, पिसवा होतात. व्हिक्टोरियात प्राण्यासाठी वेगळी अनामत मागता येत नाही, पश्चिम ऑस्ट्रेलियात येते. आठवड्याचं भाडं ९०० डॉलरपर्यंत असेल तर इथे व्हिक्टोरियात अनामत जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याएवढी, आणि तीही मालकाकडे न राहता बाँड प्राधिकरणाकडे जमा होते. पण वापरामुळे होणारी साधी झीज सोडून प्राण्याने केलेलं नुकसान भाडेकरूनेच भरून द्यायचं असतं. त्यामुळे ‘मी उघड्यावर पडलो’ असं मालकाला वाटण्याचं कारण नाही. हे नीट वठवायचं तर मात्र घरात शिरतानाची स्थिती कागदावर आणि फोटोंत पक्की हवी. प्रत्येक दाराचा खालचा भाग, प्रत्येक खोलीतला गालिचा, मागच्या कुंपणाच्या फळ्या. दोन्ही बाजूंचं भांडण तिथेच टळतं.

मला आता आपल्या लोकांशी बोलायचं आहे. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या पश्चिमेच्या उपनगरांत किती मराठी कुटुंबांनी दुसरं घर घेऊन भाड्याने दिलं आहे, ते आपल्याला माहीत आहे. गणपतीत भेटलो की त्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं, ‘एजंटला सांगून टाकलंय, प्राणी नकोत.’ यातले बहुतेक जण स्वतः कधीकाळी इथे भाड्याने राहिले आहेत. नावामुळे, व्हिसामुळे, इथलं शिफारसपत्र नसल्यामुळे न वाचता बाजूला ठेवलेल्या अर्जाचं दुःख त्यांना नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

प्राणी घेऊन घर शोधणारी माणसं सारखं घर बदलायला बघत नाहीत, कारण पुन्हा त्याच रांगेत उभं राहायची त्यांना धास्ती असते. आम्ही त्या मालकीणबाईंचं घर जिवापाड जपतो. कायद्याने मालकाला सहा महिन्यांतून एकदा, सात दिवस आधी कळवून घर तपासायला येता येतं. बाई येतात तेव्हा सावळीला आधी भेटतात, मग घर बघतात. त्यांनी बैठकीच्या खोलीतला जुना गालिचा काढून पुसता येईल अशी व्हिनाइलची फरशी बसवली. तो खर्च त्यांना तसाही करायचा होता, आमच्यानंतर कुणीही आलं तरी तो उपयोगीच आहे. मागच्या कुंपणाची एक हललेली फळी आम्ही कळवताच त्यांनी दुरुस्त करून घेतली. आम्ही झोपायच्या खोल्यांच्या दारात भिंतीला भोक न पाडता दाबून बसणारं फाटक लावलं आणि पिसवांचं औषध वेळेवर देत असल्याची डॉक्टरांची नोंद त्यांना पाठवत राहिलो. यातलं कुठलंच काम अवघड नव्हतं.

घर कुत्र्याला सोयीचं नसेल तर तसं सांगायलाही हरकत नाही. अंगण नसलेल्या, रस्त्याला लागून दार असलेल्या छोट्या युनिटमध्ये अवखळ, तरुण कुत्रा कोंडून ठेवणं कुणाच्याच हिताचं नाही, तिथे वयस्क मांजर मात्र सुखाने राहील. पण हे ठरवायला अर्ज वाचावा लागतो, प्राण्याला भेटावं लागतं. ज्यांचं घर लवकरच रिकामं होणार आहे त्यांनी जाहिरात देण्याआधी एजंटला एक निरोप लिहून पाठवावा: प्राणी असलेल्यांचे अर्ज गाळू नका, प्राण्याच्या माहितीसकट माझ्याकडे पाठवा, आणि पटण्यासारखं कुटुंब असेल तर भेट ठरवा.