नव्या ब्रेकचा पहिला घाट: मॅसी फर्ग्युसन ३५ घेऊन ३१ किलोमीटर

मार्ग असा: १४ किलोमीटर सपाट, ८ किलोमीटर चढ, ६ किलोमीटर सलग उतार, शेवटी पुन्हा ३ किलोमीटर सपाट. ट्रॅक्टर १९५९ सालचा मॅसी फर्ग्युसन ३५, मागे ट्रॉली नाही. दोन्ही मागच्या चाकांचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) नवे. ड्रम (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डबी) जुनेच, पण लेथवर साफ करून घेतलेले. वरच्या गिअरमध्ये हा ट्रॅक्टर ताशी वीस-बावीसच्या पुढे फारसा जात नाही. थांबे धरून सव्वातीन तास लागले. यातला पाऊण तास थांब्यांचा आहे आणि तो वाचवू नये, कारण नव्या शूचं निम्मं काम रस्त्यावरच होतं.

निघण्यापूर्वीच्या तयारीचं आधी. या ट्रॅक्टरला १४ इंच व्यासाचे ड्रम आणि २ इंच रुंद लायनिंग (शूवरचा घासला जाणारा थर) येतं. एका चाकाचे शू झिजले म्हणून तेवढेच बदलू नका, चारही एकदम बदला. शूच्या स्प्रिंगाही नव्याच घाला. ताणून सैल झालेली स्प्रिंग शू मागे ओढत नाही आणि ड्रम विनाकारण तापतो. पुढच्या चाकांना ठोकळे लावा. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डोलतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका, नाहीतर मागचं चाक उचलताना सगळा ट्रॅक्टर कलतो. मग एक्सलखाली भक्कम घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर काम अजिबात नको. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर शे-दीडशे किलो वजन जास्तीचं, ते चाक एकट्याने काढू नये.

ड्रम हबला (चाकाच्या मधल्या भागाला) दोन चपट्या डोक्यांच्या स्क्रूंनी धरलेला असतो. स्क्रू निघाले तरी ड्रम हलत नाही, कारण झिजलेल्या ड्रमच्या काठावर कंगोरा उरतो आणि शू त्यात अडकतात. हातोडा उचलण्याआधी मागच्या प्लेटवरच्या छिद्राचं झाकण काढून दातेरी अ‍ॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारं चाक) पूर्ण सैल करा. नवे शू बसवतानाही तो सैलच असू द्या, मगच ड्रम वर चढतो. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. पेडल दाबल्यावर शू उघडणारा तुकडा, म्हणजे कॅम, हाताने सहज फिरतो का, ते इथेच बघा. गंजलेला कॅम दाबला जातो पण परत येत नाही.

खरा शत्रू मात्र तेल. शूवर ओलसर काळा थर दिसला तर एक्सलचं सील (तेल आत अडवणारं कडं) गेलेलं आहे. नवे शू त्यावर घालणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण लायनिंगमध्ये मुरलेलं तेल पेट्रोलने धुऊन वा जाळून पूर्ण निघत नाही. सीलपर्यंत जाताना एक्सल बाहेर काढावा लागतो आणि बेअरिंगवरची कॉलर घट्ट बसवलेली असते. ते काम प्रेस असलेल्या कार्यशाळेतच द्या. तिथल्या पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने परत जाऊ द्या, एक्सलची मोकळीक त्यांवर ठरते. एक्सलच्या हाउसिंगचा श्वासनळा (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) चोंदलेला असेल तर नवं सीलही तेल सोडेल, म्हणून तोही साफ करा.

जुळवणी अशी: चाक उचललेलं ठेवून अ‍ॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत फिरवा, मग एकेक दात मागे घेत चाक जेमतेम मोकळं करा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र ब्रेक पेडल आहे. पेडलच्या रॉडला शक्यतो हात लावू नका; ते रॉड दोन्ही पेडल एका उंचीवर आणण्यापुरते आहेत. शू आणि ड्रममधलं अंतर अ‍ॅडजस्टरनेच ठरवायचं.

आता रस्ता. निघताना दोन्ही पेडल खटक्याने जोडा. शेतात वळायला वेगळी पेडल लागतात, पण रस्त्याच्या वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागीच फिरतो, उलटतोही. पहिल्या ५ किलोमीटरांत रिकाम्या रस्त्यावर ताशी वीसवरून पाचपर्यंत हलके दाब, एकूण १२ वेळा, दोन दाबांमध्ये मिनिटभर मोकळं चालवणं. नवं लायनिंग ड्रमला सगळीकडे टेकलेलं नसतं. सुरुवातीलाच जोरात दाबलं तर टेकणारा भागच भाजून गुळगुळीत होतो आणि मग पकड येत नाही.

सहाव्या किलोमीटरला पहिला थांबा. डावा ड्रम कोमट, उजवा चांगलाच गरम. ड्रमला हात टेकवू नका. पाण्याचे दोन थेंब टाका. चुर्र वाजून उडाले तर ड्रम शंभर अंशांच्या वर आहे. उजव्या बाजूचा अ‍ॅडजस्टर एक दात सैल केला आणि ट्रॅक्टर उजवीकडे ओढणं थांबलं. ब्रेक किती कडक आहेत यापेक्षा ते दोन्हीकडे सारखे आहेत का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

चढात ब्रेकचं काम नाही, पण माथ्यावर दहा मिनिटं थांबाच. उतरण्याआधी ड्रम थंड झालेले असावेत आणि गिअर आधीच निवडलेला हवा. उतार ज्या गिअरने चढता आला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक फक्त वळणांपुरता. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरू नका. इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार चार शूंवर येतो. उतारावर मधेच गिअर बदलायला जाऊन तो बसलाच नाही, तरी हीच गत. ६ किलोमीटर उतरायला पाऊण तास लागला. निम्म्यावर थांबलो तेव्हा दोन्ही ड्रमवर थेंब सावकाश वाळत होते, म्हणजे सगळं ठीक. जळका वास आला आणि पेडल नेहमीपेक्षा जोरात दाबावं लागू लागलं तर थांबा, चाकांना दगड लावा, ड्रम आपोआप निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. ट्रॉली असेल तर या उतारावर तिला स्वतःचे ब्रेक हवेत; ट्रॅक्टरच्या ब्रेकवर ती विसंबून नेऊ नये.

पोहोचल्यावर ड्रम पूर्ण थंड झाले की पुन्हा जुळवणी. शू बसल्यामुळे पेडल थोडं खोल गेलं होतं: डावीकडे तीन दात घट्ट करावे लागले, उजवीकडे दोन. चाकांच्या सगळ्या नटांवर पाना फिरवला, दोन नट किंचित फिरले. ड्रमच्या खालच्या काठावर बोट फिरवून तेल पाझरतंय का तेही बघा, आणि परतीला निघण्याआधी पेडल जोडणारा खटका.